मुडद्याचं काम

नगरच्या जुन्या थेटरात मी चाळीस वर्षं पडदा ओढला, पण स्टेजवर कधी गेलो नाही. गेलो तो एकदम मरायलाच.

सावेडीच्या बँकवाल्यांनी स्पर्धेसाठी खुनाचं नाटक बसवलं होतं. जुन्या थेटरात पडदेवाल्याचाच खून होतो, अशी गोष्ट. मुडदा होणारा बँकेचा शिपाई ऐन दिवशी तापानं पडला. डायरेक्टर माझ्याकडं आला.

"काका, वीस मिनिटं नुसतं पडायचं. पडदा मी ओढतो."

"मला खोकला हाय."

"दाबा. मुडदा हलला की लोक हसतात, अन् आमचं नाटक तिथंच मेलं."

बायको जाऊन पाच महिने झाले होते. लेक फोनवर म्हणाली, "अण्णा, वर्षाच्या आत मेल्याचं सोंग करतात का?"

"खरं मरण घरात येऊन गेलं. आता सोंगाला काय भ्यायचं?"

पडलो. कपाळावर कुंकू कालवून केलेलं रक्त, वरून दिवे लई तापलेले. इन्स्पेक्टर झालेला मॅनेजर दोनदा माझ्या हातावर पाय देऊन गेला, तरी हललो नाही.

मग माझी नाटकातली बायको आली. बँकेत कॅशियर, माझ्या लेकीच्या वयाची. छातीवर डोकं टेकून म्हणाली, "अहो, उठा ना. डबा निवला."

आमची गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. लाकडं, पाहुणे, भटजी, सगळं बघत होतो. भाऊबंद म्हणाले, म्हातारा दगड आहे. आणि इथं भरल्या थेटरात माझं पोट गदागदा हलायला लागलं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. म्हणलं, बुडवलं यांचं नाटक.

तिला कळलं. ती आडवीच माझ्या अंगावर पडली, हंबरडा फोडला आणि मधेच कानात म्हणाली, "रडा काका, मी झाकते."

मग मी रडून घेतलं. इन्स्पेक्टर म्हणाला, "बाईंना उठवा." बाई उठेना. त्यानं पुढची सगळी चौकशी तिच्या पाठीवरून केली. थेटर चिडीचूप.

खुनी कोण निघाला ते मला अजून धड माहीत नाही. मुडद्याला पहिल्याच अंकात उचलून नेतात.

अभिनयाचं बक्षीस तिला मिळालं. पेढे घेऊन घरी आली. "काका, निम्मं तुमचं."

"मुडद्याला कशाला बक्षीस? पण बाई, पुढच्या वेळी पदराची पिन नीट लाव. तू रडत होतीस तवर ती माझ्या बरगडीत रुतली हुती."