ताबार्नो, किप्लागातचा बाप

ताबार्नोला आम्ही सगळे 'बोयोत' म्हणायचो. आमच्या नांदी जमातीच्या भाषेत ही हाक वडीलधाऱ्या बाप्याला मारतात. ताबार्नोचा नवरा कधीच वारला होता, पोटी मुलगा नव्हता आणि घरच्या जमिनीला वारस हवा होता. म्हणून पन्नाशी उलटल्यावर तिनं रीतसर गाई देऊन जेपलेटिंग नावाची मुलगी बायको करून घरी आणली. अशी बाई आमच्यात नवरा होते. मग ती चूल फुंकत नाही, पाणी भरत नाही, बाप्यांत बसते. बायकोला कुणापासूनही मूल होवो, बाप तीच. कुणाला नवल वाटायचं असेल त्यानं वाटून घ्यावं, मी काही समजवायला बसलेली नाही.

मेलेल्या नवऱ्याचा लांब कोट घालून ती आमच्या दवाखान्यात यायची आणि पुरुषांच्या रांगेत उभी राहायची. जेपलेटिंगला एचआयव्ही निघाला तेव्हा फार उशीर झाला होता. मी नर्स आहे, मरणं पाहिलीत, पण त्या पोरीचं मरण अजून डोळ्यांपुढून जात नाही. मागे राहिला किप्लागात, दुधावरचा, आणि त्यालाही तोच आजार.

बाप्या झालेली ताबार्नो पोर पाठीला बांधून हिंडायला लागली. चूलही तिच्याच गळ्यात पडली. बाजारात लोक दात काढायचे.

"बोयोत, पाठीला काय बांधलंय?"

"उद्या तुमच्या पंक्तीला बसणारा माणूस बांधलाय. सरकून घ्या!"

सगळ्यात जास्त हसायचा तिचा दीर, अराप सेरेम. तिच्या जमिनीला लागूनच त्याचं मक्याचं शेत. ताबार्नोची बायको मेली म्हणजे लग्नही मेलं, ती आता पुन्हा साधी म्हातारी बाई, आणि त्या पोराला बापच नाही, असं तो ज्याला त्याला सांगत फिरायचा. डोळा कशावर होता ते शेंबडं पोरही सांगेल.

त्याच सुमारास दवाखान्यात संगणक आले. आमच्या कागदी फायली निम्म्या वाळवीनं खाल्लेल्या, मला आनंदच झाला. नोंदींचं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, कुणीही घ्यावं, आत काय लिहिलंय ते उघडून बघावं आणि आपल्याला हवं तसं बदलावं, असं ते बसवायला आलेला ओगुतू म्हणाला. किसुमू शहराकडचा, लुओ जमातीचा पोरगा, काटकुळा, बोलायला फटकळ. मी मनात म्हटलं, फुकट ते पौष्टिक, आपल्याला काय करायचंय आत बघून!

किप्लागातची नोंद करायची वेळ आली. आई मृत. बाप? मी लिहिलं ताबार्नो, स्त्री. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि मशीन पुढे जाईना. तीनदा केलं, तीनदा तेच.

"आजी लिहिते, बोयोत," मी म्हटलं. "आजी चालतंय त्याला."

"मला नाही चालत."

"अहो, औषध मिळाल्याशी मतलब! काय बिघडतं?"

"सगळं बिघडतं, पोरी. तू आजी लिहिलंस की दीर तोच कागद नाचवत पंचांत जाईल. आजी आहे म्हणजे बाप नाही, बाप नाही म्हणजे जमीन नाही. मी गेल्यावर पोरानं कुठं जायचं? तुझ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपायचं?"

मला संताप आला. रांग बाहेर फाटकापर्यंत गेलेली आणि ही हटून बसलेली. शेवटी बापाची जागा रिकामी सोडली. मशीन मुकाट्यानं पुढे गेलं.

पण आई मृत आणि बापाची जागा रिकामी, अशी पोरं ते मशीन आपोआप अनाथांच्या यादीत टाकत होतं, आणि यादी तालुक्याच्या बालगृहाला जात होती. थोड्याच दिवसांत बालगृहाची गाडी आमच्या फाटकाशी उभी राहिली. बाई सभ्य होती, तिचाही दोष नव्हता. गादी, शाळा, दोन वेळचं जेवण, सगळं ती नीट सांगत होती. ताबार्नो औषधाला आली होती. तिनं पोराला पाठीवरून काढून पुढे घेतलं आणि कोटाच्या आत धरलं.

"मी जिवंत आहे," ती म्हणाली. "बाप समोर उभा असताना पोर अनाथ कसं?"

बाजूलाच अराप सेरेम बसला होता, दाढेचं निमित्त काढून आलेला. "ऐकलंत?" तो सगळ्या रांगेला म्हणाला. "आता मशीनलासुद्धा कळतं, बाई बाप होत नाही ते!"

रांगेतलं कुणी हसलं नाही. सगळ्या बाजाराला गप्प करणारी ती बाई, पण त्या दिवशी ती पोरावरून कोटाची बटणं लावत बसली. बालगृहाच्या बाईला मी म्हटलं, पोराच्या औषधाची वेळ बसवायची आहे, पुढच्या खेपेला या. आणि ओगुतूला फोन करून वाटेल ते बोलले.

तो आला. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्यात बायका बायकांशी लग्न करतात? धन्य आहे!"

"आणि तुमच्यात मेलेल्या भावाची बायको धाकट्याच्या गळ्यात घालतात त्याचं काय? आधी आपलं जळतंय ते बघ."

"बरं, बरं, ताई, फिटलं." तो हसत बसला. सॉफ्टवेअरच्या आत कुठेतरी शिरला, वाचत गेला आणि एका ओळीशी थांबला. हसू गेलं. "ही बघा. बाप असेल तर पुरुषच असला पाहिजे."

"कुण्या गाढवानं लिहिलंय हे?"

"मीच," ओगुतू म्हणाला. "बसवताना, चुका होऊ नयेत म्हणून."

त्यानं ती ओळ काढली. मी पुन्हा लिहिलं, आणि या वेळी लाल काही आलं नाही. किप्लागातचं नाव यादीतून उतरलं.

ताबार्नोला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, वाच. मी वाचलं. ती म्हणाली, पुन्हा वाच, मोठ्यानं, बाहेर ऐकू जाऊ दे. मी खिडकीशी जाऊन ओरडून वाचलं. किप्लागात, बाप ताबार्नो, स्त्री.

"आता मी मेल्यावर खुशाल अनाथ लिही," ती म्हणाली. "त्याच्या आधी नाही."

दर महिन्याला ती त्याला घेऊन यायची. पुढे तो चालत यायला लागला, मग तिच्या पुढे पळत. शाळेत जाऊ लागला, औषधाची वेळ स्वतःच सांगू लागला. ती मात्र वाळत गेली, तो कोट तिला मोठा होत गेला.

एका महिन्याला तो आला तो डोकं भादरलेला. आमच्यात घरातलं कुणी गेलं की केस उतरवतात. मागे अराप सेरेम उभा होता, टोपी हातात घेऊन. थडग्यात मातीची पहिली मूठ, मुलाचा मान म्हणून, पोरानंच टाकली, पंचांनीच टाकायला लावली, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. संगणकासमोर बसून मी नुसतं विचारलं, "कोण गेलं?"

अराप सेरेमनं पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"याचा बाप," तो म्हणाला.