मोरूने बसवलेले स्पीकर

मोरू मूळचा हर्ण्याचा. घराणं पिढ्यान् पिढ्या समुद्रावर, आणि हा पठ्ठ्या होडीत पाय ठेवला की ओकायचा. शेवटी बापाने कंटाळून त्याला मुंबईला रेडिओच्या दुकानात चिकटवून दिला. तिथून तो शिकून आला आणि खेडच्या एसटी स्टँडसमोर, माझ्या शिलाईच्या दुकानाला भिंत लावून बसला.

कारागीर एक नंबर, पण माणूस महाशिष्ट. निदान मी तसं धरून चाललो होतो. समोर उभं राहून बोललं तर उत्तर द्यायचा. पाठीमागून दहा हाका मारा, स्वारी वळायची नाही. स्पीकर तपासायचा तोही कानाने नाही. स्पीकरच्या कागदी पडद्यावर एक बोट टेकवायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. गिऱ्हाईकं थक्क व्हायची. मी म्हणायचो, नाटकं आहेत सगळी.

सत्त्याऐंशीच्या लग्नसराईत हर्ण्याचा हरिश्चंद्र लग्नांना भाड्याने द्यायची आपली गाडी घेऊन त्याच्याकडे आला. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीने लिलावात काढलेली परदेशी गाडी. टेप, चार स्पीकर, सीटखालचा ॲम्प्लिफायर, सगळं गाडीबरोबरच आलेलं. नवरदेवांना तिचं भारी कौतुक. पण खाऱ्या हवेने स्पीकरचे कागद कुजले होते, आणि गाणं लागलं की नवरीच्या आधी स्पीकरच रडायला लागायचे.

"सगळाच नवीन टाक," हरिश्चंद्र म्हणाला. "ॲम्प्लिफायरसकट. मुंबैवाला तसाच सांगतो."

"मुंबैवाल्याला माल विकायचा हाय," मोरू म्हणाला. "ॲम्प्लिफायर धडधाकट हाय. तेला हात लावायचा आसंल तर गाडी माज्या दारात नको. स्पीकर तेवढे बदलूया."

दोन दिवस तो गाडीत उलटासुलटा पडून होता. जुना स्पीकर चार ओहमचा तर नवाही चारचाच हवा, नाहीतर ॲम्प्लिफायर जळेल, हे त्याने हरिश्चंद्राला इतक्या वेळा ऐकवलं की तो बिचारा स्टँडवर भजी खाणाऱ्यांनाही शिकवायला लागला. दाराचा पत्रा कापावा लागू नये म्हणून मोरूने फणसाच्या फळीच्या कड्या करून त्यांत नवे स्पीकर बसवले. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी स्टँडकडे तोंड करून उभी राहिली, चारही दारं उघडी. दापोलीची एसटी लागली होती. माणसं जमली. फुकट गाणं कोण सोडतो?

मोरूने टेबलावरची नमन-खेळ्यांच्या गाण्यांची कॅसेट उचलली, आत सारली, आवाज पार शेवटपर्यंत फिरवला आणि दारातल्या स्पीकरवर बोट टेकवून डोळे मिटले.

आता त्या कॅसेटचं असं होतं. मोरूच्या बायकोला, गुणवंतीला, लिहिता येत नव्हतं. मुंबईला कारखान्यात असलेल्या मुलाला, बाळाला, ती कॅसेटवर बोलून निरोप पाठवायची. विकतच्या कॅसेटच्या पाठच्या खाचांवर कागद चिकटवला की तिच्यावर पुन्हा भरता येतं, हे मोरूनेच तिला शिकवलेलं. लेबल नमनाचं, आत गुणवंती.

"बाळा," सगळ्या स्टँडभर तिचा आवाज घुमला, "तुज्या बापसाला आता अजिबात आयकू येत नाय. चार वर्सा झाली. कुनाला कळू देत नाय. लोकांना कळला तर रेडिओ कोन आनील, म्हनून घास उतरत नाय त्यांच्या घशाखाली. तू ये रे, दुकानात बस. मी सांगितला असा मात्र बोलू नको..."

मोरू डोळे मिटून मान डोलवत होता.

"मृदंग जरा मागं पडलाय," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. दापोलीच्या ड्रायव्हरने चालू केलेलं इंजिन बंद केलं. चार वर्षं मी या माणसाला शिष्ट म्हणून शिव्या घातल्या होत्या, त्याही त्याच्या पाठीमागे उभा राहून, मोठ्याने. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

जेवणाचा डबा घेऊन येणारी गुणवंती डबा टाकून धावत आली आणि तिने टेप बंद केला. बोटाखालची थरथर थांबली तसे मोरूने डोळे उघडले. तो तिच्यावर खेकसणार, इतक्यात त्याला आमची तोंडं दिसली. इतकी वर्षं तो लोकांची तोंडं वाचूनच जगत होता. आमची वाचायला त्याला वेळ लागला नाही.

"ता गाना नव्हता?" त्याने बायकोला विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली.

"सगळ्यांनी आयकला?"

ती पदरात तोंड घालून रडायला लागली.  मोरूने हात पँटला पुसले आणि हरिश्चंद्राकडे वळून विचारलं, "आवाज फाटला नाय ना खंय?"

हरिश्चंद्राचेही डोळे भरले होते. तो पुढे झाला, मोरूच्या अगदी समोर उभा राहिला आणि ओठ नीट उघडून सावकाश म्हणाला, "नाय. शबूद न् शबूद कळला."