बंधाऱ्याखालचं उलटं पाणी

ऐंशीच्या दशकात मी कोल्हापुरात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो आणि पीएच.डी. रेटत होतो. पन्हाळ्याच्या बाजूला एका बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरून काठ खात होतं. किती अंतरावर ते पुन्हा सरळ होतं, हे मला कॉम्प्युटरवर काढायचं होतं. वाहत्या पाण्याच्या खळबळीसाठी तयार गणित होतं, त्यात पाच स्थिरांक. पुस्तकातल्या किमती घातल्या की उत्तर यायचं अकरा मीटर.

खरं अंतर मोजायला मी बंधाऱ्यावर गेलो. काठालगत ज्यांचा ऊस होता ते एक शेतकरी तिथंच होते. त्यांच्या दोन सऱ्या नदीत गेल्या होत्या. माझी टेप बघून म्हणाले, "पावणं, त्येनं काय कळणार न्हाय. चिपाडं टाका की." रस काढलेल्या उसाची चिपाडं आम्ही पाण्यात टाकत राहिलो. काही बंधाऱ्याकडं परत यायची, काही पुढं जायची. जिथून ती अशी दोन्हीकडं फुटत होती, ते बंधाऱ्यापासूनचं अंतर भरलं चौदा मीटर.

कॉलेजात कॉम्प्युटर एकच, माझी पाळी आठवड्यातून एकदा. पाच स्थिरांकांतला एक आकडा किंचित बदलायचा आणि आठ दिवस थांबायचं. असं करत तीन महिन्यांनी चौदा आले. कागद घेऊन मी माझ्या गाइडकडं गेलो. सरांनी ते शांतपणे वाचले.

"आता पाणी चढल्यावरचं काढा," म्हणाले. "हेच स्थिरांक ठेवून."

गणपतीनंतर पाणी चढलं तेव्हा पुन्हा चिपाडं टाकली. अंतर भरलं वीस मीटर. माझ्या आकड्यांनी सांगितलं सत्तावीस.

सर म्हणाले, "तुम्ही स्थिरांक निवडले नाहीत. उत्तर निवडलंत."

राग यायला हवा होता, पण अंगात तेवढी ताकद उरली नव्हती. मंगळवार पेठेतल्या घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आलो. बायकोनं विचारलं, "झालं का?" "नाही," म्हणून मी सायकल भिंतीला लावली.

पुढच्या पाळीला पुस्तकातले आकडे परत घातले. चढलेल्या पाण्यालाही उत्तर विसापेक्षा कमीच आलं. हे गणित दोन्ही वेळा कमी अंतर दाखवतं आणि ते का, हे मला सांगता येत नाही, असं प्रबंधात लिहून टाकलं. त्या शेतकऱ्यांना मात्र जाऊन सांगितलं, "काठ राखायला दगड टाकाल ते वीस मीटरच्याही पुढंपर्यंत टाका."

"व्हय मास्तर, बघतो," ते म्हणाले.

प्रबंध मंजूर झाला त्या दिवशी बायकोनं पेढे आणले. मी एक खाल्ला आणि दुपारभर झोपलो.