वादीतून वर येणारा माणूस

आल्प्समधल्या एका डोंगराला पूर्ण वळसा घालणाऱ्या शर्यतीत मी आणि माझ्या मैत्रिणीने नाव नोंदवलं, तेव्हा दोघींपैकी कुणीच आल्प्स पाहिलेला नव्हता. मी दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. ती मूळची श्रीवर्धनकडची. नवरा फुजैराच्या बंदरात, आणि ती तिथल्याच एका शाळेत गणित शिकवते. मला ताई म्हणते. सपाट रस्त्यावर धावून चढाची सवय होत नाही, म्हणून हिवाळाभर दर शनिवारी मी गाडी घेऊन तिच्याकडे जायचे आणि फुजैरामागच्या डोंगरात आम्ही एक लूप धावायचो. जुन्या गाढववाटेने धारेवर चढायचं, धारेवरून खिंडीपर्यंत जायचं, आणि तिथून वादीत उतरून गाडीपाशी परत. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. तिच्या पात्रात पांढऱ्या गोट्यांशिवाय बहुतेक वेळा काही नसतं.

त्या शनिवारी पायथ्याशी आणखी एक गाडी उभी होती. साठीच्या पुढचा एक उंच, गोरा गृहस्थ दाराशी बसून बूट बांधत होता. बरीच वर्षं तेलाच्या टर्मिनलवर काढून नुकताच रिटायर झाला होता आणि आता कायमचा मायदेशी जायच्या बेतात होता. आम्ही आल्प्सची तयारी करतोय म्हटल्यावर त्याची कळी खुलली. तरुणपणी तिथे खूप धावलो, म्हणाला. थर्मासच्या झाकणात त्याने आम्हाला कॉफी ओतून दिली आणि बजावलं, की तिथे चढाने माणूस दमतो, पण मोडतो तो उतारावर, मांड्या जपा. मग म्हणाला, की तो हा लूप नेहमी उलटा करतो, वादीतून वर. म्हणजे मध्ये कुठेतरी आपली भेट होईलच. हात हलवून तो पात्रात शिरला. आकाश तेव्हा स्वच्छ निळं होतं.

धारेवर पोहोचलो तर पश्चिमेकडचे डोंगर दिसेनासे झाले होते. तिथे नुसता काळा पडदा लोंबत होता. आमच्या डोक्यावर मात्र ऊन होतं. फोनला नेटवर्क नव्हतं. वारा पडला होता, आणि एरवी वादीत चरणाऱ्या शेळ्या वर येऊन खडकांवर गप्प उभ्या होत्या.

"ताई, ह्यांना इतक्या वर कधी पाहिलं होतंस?" मैत्रिणीने विचारलं. मी नाही म्हटलं. दोघींचा वेग वाढला.

खिंडीपर्यंत तो भेटला नाही. त्याच्या चालीने तो एव्हाना तिथे यायलाच हवा होता. आम्ही खजूर खाल्ले, थांबलो, वाट पाहिली. मग एकाएकी गार वारा आला आणि त्याच्याबरोबर ओल्या मातीचा वास. आमच्यावर एक थेंब पडला नव्हता. डोंगरापलीकडे कुणी ट्रकभर खडी ओतावी तसा आवाज झाला आणि बराच वेळ चालू राहिला.

थोडं खाली जाऊन हाक मारू या, असं ती म्हणाली. मीही उतरले. पहिल्या वळणावर एक डबकं आहे, त्यात आम्ही नेहमी तोंड धुवायचो. त्याचं पाणी गढूळ झालं होतं आणि एरवी कोरड्या असणाऱ्या गोट्यांमधून एक बारीक धार सरकत होती. तिने मोठ्याने हाक मारली. कड्यांनी तिचाच आवाज परत पाठवला.

"पुढच्या वळणावर असेल तो," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवरची बॅग पकडली. "वर चल."

"ताई, म्हातारा माणूस आहे."

"माहीत आहे. वर चल."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग वळली. आम्ही हातापायांवर चढत खिंडीत पोहोचलो आणि खालचा आवाज बदलला. आधी नुसती घरघर. मग वळणावरून पाण्याचा लोंढा आला, चहाच्या रंगाचा, आणि त्याच्यासोबत खजुराचे ओंडके, एक प्लास्टिकची टाकी, झुडपं. पाण्याच्या पोटात दगड एकमेकांवर आपटत होते, ते पायाखालच्या खडकात जाणवत होतं. डबकं कुठे होतं तेही ओळखता येईना. मैत्रीण दुआ पुटपुटत होती. मी वादीच्या दोन्ही कडांवर कुठे माणूस दिसतो का ते पाहत होते. दिसला नाही.

आलो त्याच वाटेने, धारेवरून, परतलो. नेटवर्क येताच पोलिसांना फोन केला. पायथ्याशी त्याची गाडी तशीच उभी होती. पोलिसांनी आम्हाला ब्लँकेट दिली आणि हिंदीत पुन्हा पुन्हा तेच विचारलं, तो नक्की कोणत्या बाजूने गेला. प्रत्येक वेळी आम्ही दोघींनी एकाच बाजूला बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रिणीचा फोन आला. "ताई, मिळाला," एवढंच म्हणाली. मला पुढचं विचारावं लागलं नाही. खूप खाली, एका खजुराच्या बागेच्या कुंपणाला तो अडकला होता.

शर्यतीतून आम्ही दोघींनी नावं काढून घेतली. आल्प्सला अजून गेलेलो नाही.

महिन्याभराने त्याची मुलगी त्याचा फ्लॅट रिकामा करायला आली. पोलिसांकडून आमचा नंबर मिळवून तिने ती जागा दाखवाल का असं विचारलं. आम्ही तिला गाढववाटेनेच वर नेलं. खिंडीत उभी राहून तिने विचारलं, बाबा इथवर पोहोचले होते का. आम्हाला माहीत नाही, असं मी खरं ते सांगितलं. खाली वादी पुन्हा कोरडी पडली होती, गोटे पांढरेशुभ्र, जसं काही झालंच नाही. ती दोन पावलं उताराकडे गेली. माझ्या मैत्रिणीने पुढे होऊन तिचा हात धरला आणि ती मागे येईपर्यंत सोडला नाही. आकाशात एकही ढग नव्हता, तरी आम्ही तिघीही तिथे जास्त वेळ थांबलो नाही.