डब्यांच्या जोडावर उभे राहणारे आमचे व्याही

मेट्रोच्या डब्याची जावयासारखी बडदास्त ठेवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही आहे. जावयासारखी हे मी विचारपूर्वक म्हणतो, कारण त्यांचा मुलगा माझा जावई आहे आणि त्याचीसुद्धा मी इतकी बडदास्त ठेवलेली नाही. मेट्रो येणार, येणार असं ऐकता ऐकता या गृहस्थांची बँकेतली नोकरी संपली, डोक्यावरचे केस गेले, आणि ती खरोखर आली तेव्हा लोक खिडकीतून नदीचे फोटो काढत होते आणि हे मात्र डब्याकडे पाहत होते. दार लागताना आवाज कसा येतो, धरायच्या कड्या कुणाच्या उंचीला बेतून लावल्या आहेत, दोन डब्यांमधला तो पेटीच्या भात्यासारखा जोड वळणावर कसा दुमडतो, सगळं डोळे भरून बघायचं. सुरुवातीच्या गाड्या नागपूरहून आलेल्या, नंतर ॲल्युमिनियमच्या नव्या आल्या. फलाटावर उभं असताना नुसत्या आवाजावरून ते ‘ही थोरली’ किंवा ‘ही धाकटी’ असं जाहीर करत आणि गाडी समोर आली की माझ्याकडे बघत. ते बरोबर असायचे की चूक हे मला कधीच कळलं नाही, पण मुलीचा बाप असल्यामुळे मला मान डोलवायची सवय आहे.

प्रवासाला कारण लागतं म्हणून ते मंडईतून भाजी आणत. घराखालीच भाजीवाली बसते, पण हे वनाजहून निघून, मध्ये गाडी बदलून, जमिनीखालून मंडईला जाणार आणि दोन जुड्या घेऊन परत येणार. गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला एखादा तरुण दाराला टेकून उभा राहिला की हे त्याला सांगत, “दार आहे ते. टेकायला भिंत असेलच की तुमच्या घरी.” एकदा एका मुलाच्या हातून वेफर्सचा चुरा सांडला. व्याह्यांनी शांतपणे विचारलं, “पत्ता देता का आपला? एकदा येतो आणि आपल्या दिवाणखान्यात असंच सांडून जातो.” मुलगा कानात बोंडं घालून कुणाशी तरी इंग्रजीत मीटिंग करत होता, ती तशीच सोडून तो चुरा वेचायला लागला. तेव्हा यांनी त्याच्यापुढे भाजीची पिशवी उघडून धरली आणि तो चुरा घरी नेऊन टाकला.

पण त्यांचं खरं राखणीचं काम होतं ते पहिल्या डब्याचं. तो महिलांसाठी. मेट्रोत डब्यातून डब्यात चालत जाता येतं, त्यामुळे पुरुष तिकडे सरकतात. व्याही जोडापाशी उभे राहून त्यांना परत बोलावत. “आपण महिला आहात का? नाही ना? मग या इकडे.” आणि गंमत अशी की त्याच डब्यात, जोडाला लागून असलेल्या कोपऱ्यातल्या जागेवर विहीणबाई बसलेल्या असत. तिथे जागा मिळते आणि गप्पांना बायका मिळतात, असं त्यांचं म्हणणं. त्या बसलेल्या आतल्या बाजूला, हे उभे अलीकडे, आणि मधल्या भात्यावरून संसार चाले. मेथी घ्यायची की चाकवत यावर सबंध डब्याचं मत घेतलं जाई. मग विहीणबाई शेजारच्या जागेवर हात थोपटत म्हणत, “अहो, या ना आत. रिकामी आहे.”

“डबा महिलांचा आहे.”

“मग माझाच झाला. मी बोलावतेय ना?”

व्याही हसत, पण पाऊल उचलत नसत.

पुढे विहीणबाईंना कॅन्सर निघाला. मुलगा आणि सून, म्हणजे माझी मुलगी, दोघंही संगणकावर दिवसभर कॉलला बांधलेली. तरी गाडी काढतो म्हणत होती, पण पुण्याच्या रस्त्यांवरचे खड्डे आणि धक्के विहीणबाईंना सोसत नसत. म्हणून हॉस्पिटलच्या फेऱ्याही मेट्रोनेच व्हायच्या. एका संध्याकाळी परत येताना मी बरोबर होतो. आमचा डबा इतका भरलेला की त्यांना उभंही राहता आलं नसतं, म्हणून त्या नेहमीच्या कोपऱ्यात बसल्या. डोक्याला ओढणी बांधलेली, तोंड पांढरंफटक पडलेलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “अहो, आज खरंच या. डोकं टेकायचंय मला.”

शेजारची मुलगी ताबडतोब उठली. म्हणाली, “काका, बसा ना प्लीज. कोणी काही म्हणणार नाही.”

व्याह्यांनी एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. मला हळूच म्हणाले, “इतक्यांना इथून उठवलंय हो आजवर. आता मीच जाऊन बसू?” त्यांनी जोडावरून हात लांब केला, विहीणबाईंनी त्यांची बोटं धरली. ती मुलगी पुन्हा बसली आणि तिनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. वनाजपर्यंत आम्ही तसेच आलो. त्यानंतर विहीणबाईंना घराबाहेर पडता आलं नाही. त्या गेल्या, आणि त्या संध्याकाळबद्दल आमच्यात कुणी बोललं नाही.

व्याही अजून मेट्रोने जातात. गुडघा सुजलेला असतो, समोर जागा रिकामी असते, तरी जोडावर उभेच राहतात. आता ते कुणाला काही सांगत नाहीत. लोक खुशाल दाराला टेकतात. माझी मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही जात जा त्यांच्याबरोबर, ते माझं ऐकत नाहीत.” माझंही ऐकत नाहीत, पण मी जातो.

गेल्या आठवड्यात भर दुपारी मंडई आली आणि ते उतरले नाहीत. मी पिशवीकडे बोट दाखवलं, त्यांनी लक्ष दिलं नाही. स्वारगेटला गाडी संपली, सगळी माणसं उतरली, सगळे डबे रिकामे झाले. तेव्हा ते जोड ओलांडून पलीकडे गेले, कोपऱ्यातली जागा सोडून तिच्या शेजारच्या जागेवर बसले आणि कोपऱ्यातल्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला. मी अलीकडेच उभा राहिलो.

फलाटावरचा सुरक्षारक्षक आत डोकावला. “आजोबा, लेडीज डबा हाय ह्यो. उतरा बरं.”

मला त्याचा असा राग आला की सगळं सुनावावंसं वाटलं. व्याह्यांनी हातानेच मला थांबवलं. “बरोबर आहे तुमचं,” असं त्याला म्हणून ते गुडघ्यावर जोर देत उठले आणि खाली उतरले.

फलाटावरून त्यांनी त्या रिकाम्या डब्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, “बघितलंत ना? त्या दिवशीही फार तर उठवलं असतं.”

मी त्यांचा दंड धरला.

“एवढंच झालं असतं हो,” ते म्हणाले.