लाखोळीचं कढण

वामनराव मास्तर बार्शीटाकळीच्या अलीकडच्या आमच्या गावात बदलून आले. अंगानं काटक, आवाज विहिरीत घुमल्यासारखा. आरोग्याचा वेगळा तास त्यांनी कधी घेतला नाही. गणितात ते शेंगदाणे आणि गूळ वाटायला लावत. भूगोलात काळ्या मातीतून मूग, बरबटी, अंबाडी थेट ताटात आणत. कविता म्हणता म्हणता पोरं उठाबशा काढत. आणि एक गोष्ट त्यांनी पाढ्यासारखी घोकून घेतली होती: भाजी शिजो की डाळ, तिचं पाणी फेकायचं नाही. जीव त्या पाण्यात असतो.

गाव शिकलं. मास्तरांना त्याचा अभिमान होता, आम्हालाही.

मग सहासष्टचं वर्ष उजाडलं. पावसानं दगा दिला होता, ज्वारी पोटरीतच वाळली होती. रानात तगली ती फक्त लाखोळी. मजुरांना मजुरीत तीच डाळ मिळू लागली आणि दोन्ही वेळा तीच शिजू लागली.

एका सकाळी कवायतीत इंदूबाईची मैना उठताना अडखळली. गुडघ्याला गुडघा घासत होता, टाचा भुईला टेकत नव्हत्या.

"मास्तर, मैना बगळ्यावाणी चालते!" पोरं खिदळली.

मास्तर हसले नाहीत. असे पाय त्यांनी लहानपणी पाहिले होते. आधी काठी, मग दोन काठ्या, मग भुईवर सरपटणं. शाळा सोडून ते तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "ही लाखोळीची बाधा. गेलेले पाय परतत नाहीत. लाखोळी बंद करा. नाहीच जमलं तर उकळून पाणी तरी फेका."

मास्तर तसेच इंदूबाईच्या घरी आले.

"इंदूबाई, लाखोळी उकळली का पाणी फेकत जा. विष हाय त्यात."

इंदूबाई चुलीपुढून हलली नाही. "कावून मस्करी करून राहिले, मास्तर? आमी तं थेंब सांडू देत नाही. मैनाचे पाय लटपटाले लागले तवापासून समदं कढण तिलेच पाजतो. आमी नुसती डाळ खातो."

"कोनं सांगतलं तुले?"

"घ्या! तुमीच तं शिकवलं."

भिंतीला धरून मैना दारात उभी होती. मास्तरांना पाहून तिनं मोठ्यानं म्हणून दाखवलं, "जीव त्या पाण्यात असतो." आणि शाबासकीची वाट पाहत राहिली.

मास्तरांनी मडकं उचललं आणि कढण अंगणात ओतलं. इंदूबाई ओरडली, "पोरीच्या तोंडचं सांडलं, मास्तर!" कोरड्या मातीनं ते क्षणात पिऊन टाकलं.

ते शेजारी सुंदराबाईच्या दारात गेले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच ती कौतुकानं म्हणाली, "या मास्तर. आमचा श्रावण लयच रोडावला. त्याच्यासाठी हे पाहा, झाकून ठेवलं." तिनं झाकण काढलं.

मास्तरांनी वळून गल्लीकडे पाहिलं. दिवस मावळत होता आणि घराघरातून तोच वास येत होता.