दामूअण्णांची नांगी

कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत असली की दामूअण्णा आधी घराच्या मागे जायचे. भिंतीवर टकटक करायचे आणि थक्क होऊन म्हणायचे, "अरे, हेका मागसूनय भिंत आसा!"

अंधेरीच्या एका स्टुडिओत ते सुतार होते, मी पडदे रंगवणारा. "कॅमेऱ्याक दिसतां तांच खरां, बाकी सगळो लगदो," हे त्यांचं ब्रीद. पुढून संगमरवरी सिंहासन, मागून कागदाचा लगदा आणि सरस!

एकदा कुठल्याशा दूरच्या बेटाचा सिनेमा निघाला. त्यासाठी अण्णांनी फोटो बघून जोडहोडी बांधली. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मध्ये फळ्या. शीड तर भलतंच. दोन बांबू खाली एका टोकाशी बांधलेले, वर फाकलेले, मध्ये कापड. थेट खेकड्याने नांगी उगारावी तसं! कापड म्हणजे माझाच जुना पडदा, त्यावर पौर्णिमेचा चंद्र.

चित्रीकरण संपलं. मॅनेजर म्हणाला, "सोमवारी फोडा आणि जळणात घाला." अण्णा कधी उलट बोलत नसत. त्या दिवशी मात्र करवत टाकून उभे राहिले. "जल्मभर राजवाडे बांधलंय, एकातय कोण रवाक नाय. ही एक तरी खरी होऊंदे!"

मॅनेजर हसला. "रविवारी वर्सोव्याहून मढला शिडावर नेऊन दाखवा. पोचलात तर होडी तुमची."

रविवारी दुपारी खाडीवर हीऽ गर्दी! स्टुडिओत मासळी आणणारी हिराबाय हसून हसून बेजार. "दामूदादा, ही होरी हाय का पालना?"

"पालनो तर पालनो, तू गाणां म्हण!"

अण्णा आणि मी होडीत चढलो आणि वारा शिडाच्या नांगीत शिरला. काय सांगू! होडी सुसाट सुटली, पाणी तोंडावर उडू लागलं, आम्ही दोघे घोडे लहान पोरांसारखे खिदळत होतो. मला पोहता येत नाही हे मी साफ विसरलो.

अर्ध्या खाडीत उजवी होडी मऊ लागली. बोट लावलं तर आत गेलं.

"अण्णा, ही कशाची केलीत?"

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. "ती... कॅमेऱ्याच्या पाठी होती रे."

वाट लागली! मी देवाचं नाव घेतलं. "परत फिरूया, अण्णा!"

"फिरलंव तर उद्या कुऱ्हाड!" त्यांनी वाऱ्याकडे पाहिलं आणि एकदम उसळले. "दोनय टोकां सारखीच मरे! वल्ह्यान फिरव हीका! मागचां तोंड पुढे! नांगी त्या टोकाक!"

होडी गर्रकन उलटसुलट फिरली, वाट मात्र मढचीच. शिडाचं टोक आम्ही ओढत दुसरीकडे नेऊन बांधलं. आता लगद्याची होडी समुद्राकडे, वारा येत होता त्या बाजूला आली. वारा नांगीत भरला, लाकडी होडी दबली आणि लगद्याची पाण्याबाहेर उचलली गेली, खीर गळावी तशी गळत! आम्ही लाकडीला बिलगून, डोक्यावर माझा भरदुपारचा चंद्र, असे मढच्या वाळूत घुसलो. अण्णा उतरले, लाकडावर टकटक केलं आणि ढसाढसा रडले. रडता रडता पुन्हा हसू लागले.

पुढे त्यांनी ती लगद्याची होडीही सागवानाची केली. अखेरपर्यंत दर रविवारी ते खाडीत असत. आणि त्यानंतर त्यांच्या प्रत्येक सिंहासनाची पाठही रंधा मारून गुळगुळीत असायची. मॅनेजर डोकं धरायचा. "अहो अण्णा, हे कॅमेऱ्याला दिसत नाही!"

"दर्याक दिसतां," अण्णा म्हणायचे आणि रंधा चालू ठेवायचे.